जीव कुठल्या बॅगेत

नाशिकचं विमान भरलेलं होतं, त्यामुळे प्रत्येकाला एकच बॅग जवळ ठेवता येणार होती. कोणती, ते दारातलं यंत्र सांगे. दोन्ही बॅगांवर हात ठेवले की जिच्यात जीव अडकलाय तिच्यावर हिरवा दिवा लागे. दुसरी विमानाच्या पोटात जाई.

यशोधनने एक हात लॅपटॉपच्या बॅगेवर ठेवला, दुसरा वडिलांच्या अस्थींच्या पिशवीवर. दिवा लॅपटॉपवर लागला.

"पुन्हा बघा!"

त्याने डोळे मिटून बाबांचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. आठवली ती उद्याची मीटिंग. दिवा हलला नाही.

"मग लॅपटॉपच खाली टाका ना!"

"तसं नाही चालत, सर," कर्मचारी मुलगी त्याची नजर चुकवत म्हणाली. "लोक खोटं सांगायचे, म्हणून तर हे यंत्र आलं."

मागे कुमुदआत्या उभी होती, बाबांची धाकटी बहीण. "अस्थी कुठेही टेकवू नयेत रे," एवढंच म्हणत तिने पिशवी आपल्याकडे घेतली. तिचा हात लागताच पिशवीवर दिवा लागला. तिची स्वतःची बॅग खाली गेली.

विमानात तिच्या गोळीची वेळ झाली. गोळ्या खाली गेलेल्या बॅगेत होत्या. मांडीवरची पिशवी सावरत आत्याने नुसतंच पाणी मागितलं, आणि यशोधनला मान वर करता आली नाही.