नोंदवलेला हात

गिटारची वायर थेट कॉम्प्युटरला जोडून रेवती बाबांनी शिकवलेली धून रेकॉर्ड करायला बसली, तर मध्येच रेकॉर्डिंग थांबलं.

"हा हात, म्हणजे ही वाजवण्याची ढब, कैलासवासी जयंत टिपणीसांची आहे," कॉम्प्युटर म्हणाला. "त्यांच्या पश्चात हक्क आमच्या रेकॉर्ड कंपनीकडे आहेत. कृपया वेगळं वाजवा."

तिने वायर काढून अ‍ॅम्पला जोडली, त्याच्यासमोर माईक ठेवला आणि पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच उत्तर.

"अरे, ते माझे बाबा! माझी बोटं धरून शिकवलंय त्यांनी! त्यांच्यासारखं नाही तर कोणासारखं वाजवू?"

रागाच्या भरात तिने तार इतकी खेचली की सूर किंचाळला. याच खोडीवरून बाबा तिला झापायचे.

"अभिनंदन! हा हात नवा आहे."

रेवतीने माईक उपटला, तोवर कॉम्प्युटर पुढचं बोललाही होता, "कंपनीच्या नावे नोंदवून घेतलाय."