अर्धं चाक

"सर, आता तुम्ही सांगा, खिळा कुठे आहे?" मुलीने विचारलं, आणि गणिताच्या बाईंनी दचकून परीक्षकांकडे पाहिलं.

प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत परीक्षकालाच प्रश्न? तोही या परीक्षकाला? बाहेरच्या कॉलेजातून आलेले हे गृहस्थ सकाळपासून कपाळावरची आठी न मोडता बसले होते. प्रत्येकाला त्यांचा एक प्रश्न ठरलेला: साइन इन्व्हर्स ऑफ साइन एकशे पन्नास किती? साइन आणि साइन इन्व्हर्स एकमेकांना खोडून टाकतात, एवढं घोकून आलेली पोरं छातीठोकपणे 'एकशे पन्नास' म्हणत होती आणि तोंड पाडून बाहेर जात होती. त्यात आता ही. वर्गात हिला शंकासुर म्हणत. दोन्ही चाचण्यांत आपटलेली. प्रकल्पात गुण मिळाले तर हिचं गणित टिकणार, नाहीतर विषय सोडावा लागणार. आणि या पोरीला गणिताशिवाय दुसरं काही नको होतं, म्हणून तर बाईंचा जीव टांगणीला लागला होता.

टेबलावर एक उभी फळी होती. तिच्यावर पुठ्ठ्याचं चाक, चाकाभोवती फळीवर अंश लिहिलेले: शून्य उजव्या हाताला, माथ्याशी नव्वद, तळाशी उणे नव्वद. चाकाच्या कडेला एक खिळा, आणि तो एका आडव्या पट्टीच्या लांब फटीत अडकवलेला. चाक फिरलं की पट्टी वरखाली सरकायची. पट्टीच्या टोकाशी उंचीची खूण: मध्ये शून्य, वर एक, खाली उणे एक. "कोन दिला की पट्टी उंची सांगते, हा साइन. आता उलट जायचं, म्हणजे साइन इन्व्हर्स. उंची दिलीय, कोन शोधा," एवढं सांगून मुलीने फळीमागची मूठ फिरवली होती आणि चाकावर टॉवेल टाकला होता. पट्टीचं टोक तेवढं दिसत होतं, शून्य आणि एकच्या बरोबर मध्ये, अर्ध्यावर.

"तीस अंश," परीक्षक म्हणाले. म्हणताना त्यांनी घड्याळात पाहिलं.

मुलीने टॉवेल काढला. खिळा डावीकडे होता, एकशे पन्नासवर.

"अगं, सरांची परीक्षा घेतेस काय?" बाई घाईघाईने म्हणाल्या.

"नाही बाई. सरांचं काही चुकलं नाही. तीसलाही उंची अर्धी, एकशे पन्नासलाही अर्धीच. दोन घरांना एकच पत्ता दिला तर पोस्टमन बिचारा काय करणार?"

बाईंना वाटलं, झालं, बुडाली पोरगी. पण परीक्षकांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. "मग तू काय करणार?" त्यांनी विचारलं.

मुलीने खिळा फिरवून उजवीकडे आणला आणि खिशातून दोन खुंट्या काढल्या. एक चाकाच्या माथ्याशी फळीत खोचली, एक तळाशी. आता खिळा फक्त उजव्या बाजूने वरखाली जाऊ शकत होता. "हे अर्धं चाक पुरतं, सर. उणे एकपासून एकपर्यंत सगळ्या उंच्या इथे भेटतात आणि प्रत्येक उंची एकदाच भेटते. आता तुम्ही मूठ फिरवून टॉवेल टाका, मी कोन सांगते. मघाशी नुसत्या पट्टीवरून मलाही सांगता आला नसता."

"डावं अर्धं का नाही घेतलंस?"

"चालेल की. पण मग उंची शून्य म्हटल्यावर कोन एकशे ऐंशी सांगावा लागेल. दारात उभं राहून मागच्या गल्लीतून घरात शिरायचं कशाला? आणि सगळ्यांनी एकच अर्धं धरलं नाही, तर तुमचं उत्तर माझ्याशी जुळणार कसं?"

बाई ऐकतच राहिल्या. साइन इन्व्हर्सची मुख्य किंमत उणे नव्वद ते नव्वद, चौकटीत लिहा, पाठ करा. इतकी वर्षं त्या हेच सांगत आल्या होत्या. ती चौकट म्हणजे या दोन खुंट्या, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण असं कुणाला हातात देता येईल हे काही सुचलं नव्हतं. त्यांना मुलीचा असा अभिमान वाटला की डोळे भरून आले.

"बरं," परीक्षक म्हणाले, "साइन इन्व्हर्स ऑफ साइन एकशे पन्नास?"

मुलीने वरची खुंटी काढली आणि खिळा एकशे पन्नासवर नेला.

"पट्टी अर्ध्यावर आली. आता पट्टीला काय माहीत चाक कुठून फिरून आलं? तिला फक्त अर्धं ठाऊक." तिने खिळा परत उजवीकडे आणला, खुंटी खोचली. "या बाजूला अर्ध्याशी कोण राहतं? तीस. म्हणून उत्तर तीस."

परीक्षकांच्या कपाळावरची आठी गेली होती. त्यांनी स्वतः मूठ धरून खिळा खाली नेला, वर आणला, पुन्हा खाली नेला. "मॅडम, हे तुम्ही शिकवलंत?"

हो म्हणायला काहीच लागलं नसतं.

"नाही सर. मी पाठ करून घेतलं होतं."

"मीही पाठच केलं होतं," ते म्हणाले आणि त्यांनी गुण लिहिले. वीसपैकी एकोणीस. "एक कापला. पुठ्ठा वाकडा कापलायस."

मुलीने हसू दाबत फळी उचलली.

"राहू दे इथेच," बाई म्हणाल्या. "उद्या अकरावीच्या वर्गावर मला लागेल. खुंट्या लावूनच नेते."

"नको ना बाई," मुलगी म्हणाली. "खुंट्या मागाहून लावा. आधी त्यांना चुकू द्या."