बाकीच्यांचे ट्रक

दोन वर्षं खपून मुलाने बाबांचा जुना ट्रक नव्यासारखा केला होता. जुन्या ट्रकांच्या प्रदर्शनाच्या सकाळी बाबा खाकी शर्टाला इस्त्री करून, चावी मुठीत धरून पायरीवर येऊन बसले, तर आभाळ भरलेलं बघून मुलगा ट्रकवर ताडपत्री बांधत होता.

"भिजला तर रंगाची वाट लागेल, बाबा. आपण कारने जाऊ, बाकीच्यांचे ट्रक बघून येऊ."

"अरे, पंचवीस पावसाळे याच्यातून माल पोचवलाय मी. तेव्हा ताडपत्री मालावर असायची, ट्रकवर नाही."

पालथ्या घड्यावर पाणी. बाबा धुसफुसत कारमध्ये बसले.

 

मैदानावर चाळीस कार उभ्या होत्या, आणि छत्र्या धरलेले चाळीस मालक एकमेकांना विचारत होते, "बाकीच्यांचे ट्रक कुठे आहेत?"