शाळेची बाजू

भोंगा वाजला आणि नेहमीप्रमाणे आमच्या लढाऊ अंतराळयानाने शाळेची बाजू शत्रूच्या यानाकडे वळवली.

“बाई, पडदे उघडा, पोरांना खिडकीत उभं करा,” कॅप्टन राजाध्यक्ष फोनवर म्हणाले. “पोरं दिसली की ते तोफ डागत नाहीत.”

“म्हणजे शत्रूला दयामाया आहे, तुम्हालाच नाही.”

“सैनिकांच्या बायकापोरांना यानावर फुकट पोसत नाही आम्ही. हुकूम आहे!”

तेवढ्यात त्यांचा शिपाई दाराशी आला. भोंगा झाला की कॅप्टनच्या मुलीला, शाल्मलीला, तेवढं आतल्या खोलीत न्यायचं, ही तीन वर्षांची रीत. मी वर्गाला आतून कडी घातली.

“पडदे उघडले, साहेब,” मी फोनवर म्हटलं. “सगळी उभी आहेत. शाल्मली सगळ्यांत पुढे.”

ते ओरडले, “यान वळवा! आधी यान वळवा!”

जमीन कलली. तीन वर्षांत पहिल्यांदाच शाळा शत्रूपासून लांब, मागच्या बाजूला गेली.

मी फोन ठेवला. पडदे बंदच होते. शाल्मली इतरांसोबत बाकाखाली बसून माझ्या खडूने जमिनीवर मांजर काढत होती.