फाटकाबाहेरची कढई

"काळ्या पडल्या," म्हणत भाच्याने ताटली मावशीच्या नाकासमोर धरली. "माल परत."

ताटलीतल्या चकत्या खरोखरच करपल्या होत्या. वेफर्सच्या कारखान्याची रीत अशी, की ट्रॉली फाटकाशी आली की तिच्यातले चार बटाटे काढून तिथेच तळून बघायचे; ते काम भाच्याकडे होतं. चकत्या पिवळ्या निघाल्या तर माल आत, नाहीतर आल्या वाटेने घरी. आज सकाळपासून एकाही ट्रॉलीचं नशीब पिवळं निघालं नव्हतं. वेफर्सना उठाव नाही, गोदाम गच्च भरलंय, हे रांगेत सगळ्यांना ठाऊक होतं. पण करार केलेला माल नको म्हणता येत नाही. खराब म्हणता येतो.

मावशीने तपासणीच्या खोलीच्या खिडकीतून सगळी तळणी पाहिली होती. चकत्या छान पिवळ्या झाल्या, तरी हा पठ्ठ्या झारा हातात धरून छताकडे बघत उभा.

"अरे, कढईत विसरलास की काय त्यांना?"

"मावशी, ट्रॅक्टर बाजूला घे. मागे रांग आहे."

मावशीचं डोकंच फिरलं. अख्ख्या हंगामाची मेहनत त्या ट्रॉलीत होती. परत नेऊन घालणार कुठे? बाजारात बटाट्याला कुत्रं विचारत नव्हतं. तिने ट्रॅक्टर फाटकाच्या बरोबर मधोमध उभा केला, किल्ली कमरेला खोचली आणि ट्रॉलीतून स्टोव्ह उतरवला. रांगेत कधीकधी मुक्काम पडायचा, म्हणून स्टोव्ह, कढई, तेल, किसणी सगळेच जण बरोबर बाळगत.

"आता हे काय?" भाचा खिडकीतून ओरडला.

"तुझंच काम करतेय. तुला जमत नाहीये ना!"

तिने त्याच ट्रॉलीतले बटाटे किसणीवर घासले आणि चकत्या तेलात सोडल्या. रंग आला तशा उपसल्या आणि ताट रखवालदारापुढे धरलं. त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग मूठभर उचलल्या.

तेवढ्यात कारखान्याची पाळी सुटली. हल्ली कामगारांना अर्ध्या दिवसातच घरी पाठवत. उतरल्या तोंडाने बाहेर पडणाऱ्या बायका वासाने थबकल्या. पाकिटं भरणारी एक जण चकती उन्हात धरून म्हणाली, "अगं बाई! हा माल परत? मग आम्ही उद्या भरायचं काय, हवा?"

आता भाचा धावत बाहेर आला. वरच्या मजल्यावरच्या काचेकडे बघत हळूच म्हणाला, "साहेब बघतायत. मावशी, माझी नोकरी जाईल गं."

मावशीला क्षणभर त्याची कीव आली. पोरगं तिच्याच अंगाखांद्यावर वाढलेलं. तिने ताट त्याच्यापुढे धरलं.

"खा."

त्याने एक चकती तोंडात टाकली. कुर्रकन आवाज झाला, सगळ्यांनी ऐकला.

"तू लवकर काढतेस," तो पुटपुटला.

"मी झाल्या की काढते. तू साहेब सांगतील तेव्हा काढतोस."

मागच्या ट्रॅक्टरचं इंजिन बंद झालं. त्याचा म्हातारा मालक उतरला आणि हातातले दोन बटाटे सदऱ्याला पुसत कढईपाशी येऊन उभा राहिला.

"ताई," तो काचेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आता माझे तळा."