नाल्याकाठचा ठसा

तीन दिवसांत वाघ दिसला नाही म्हणून माझे मेहुणे दिगंबरराव जिप्सीतून खाली उतरले. अभयारण्यात उतरायला बंदी असते. पण ती वाघ दिसलेल्यांसाठी, असं त्यांचं मत. वीस पावलांवर, नाल्याकाठच्या चिखलात पंजाचा ठसा होता. मापासाठी त्याच्याशेजारी चष्म्याचं घर ठेवून ते फोटो काढायला उकिडवे बसले.

"ठशात अजून पाणी झिरपतंय!" ते कौतुकानं ओरडले.

"म्हणजे आत्ताच गेला. भाऊ, वर या जी," आमची गाइड कुंदाताई म्हणाली.

"तीन दिवस तो आत्ताच गेलाय, ताई. निदान सही तरी घेऊ द्या."

तेवढ्यात झाडावरचं वानर खोकल्यासारखं ओरडलं. मी उत्साहानं कॅमेरा उचलला. "वाघ? कुठल्या बाजूला?"

"वानर पाह्यते तिकडं," ती हळूच म्हणाली.

वानर नाल्याकडे पाहत नव्हतं. दिगंबरराव आणि जिप्सी यांच्या मधल्या बांबूच्या बेटाकडे पाहत होतं.

"भाऊ," कुंदाताई म्हणाली, "आता इकडं येऊ नका. हलू नका."

"का हो? फोटो बिघडेल?"