धुतलेला स्पंज

समुद्री माशांची पिल्लं या खेपेला जगली, तर घरजावयाच्या पदरात सासऱ्यांचा चांगला शब्द पडणार होता. मेली, तर त्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं ठरलं होतं. मोठा फिल्टर पिल्लांनाच ओढून घेतो, म्हणून त्याने फिल्टर म्हणून साधा स्पंज निवडला, महिनाभर जुन्या टाकीत मुरवला. त्यात पोसलेले जिवाणूच पिल्लांच्या घाणीचं विष पचवत. आज तो बाजारातून परतला, तर टाकीपाशी सासरे बाह्या सरसावून उभे. “जावईबापू, मासे पाळता की चिखल? स्पंज उकळत्या पाण्यात साबणाने धुतला. तुम्ही एवढे खपता, म्हटलं आपणही हात लावावा.” जिवाणू मेले, पुन्हा पोसायला महिना लागणार, पिल्लांकडे जेमतेम दिवस होता. म्हाताऱ्याच्या भाजलेल्या बोटांकडे बघत तो म्हणाला, “छान निघालाय, बाबा.” जावयाला ‘एवढे खपता’ हा चांगला शब्द मिळाला, सासऱ्यांना गल्ल्यावर माणूस, बिल तेवढं पिल्लांच्या नावावर फाटलं.